शाळेच्या मैदानावर उमेदवारी? पगाराआधी हे विचार

पत्र थोडक्यात: मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची 23 वर्षांची मुलगी. सहावीपासून खो-खो खेळते. जिल्ह्याच्या संघातून राज्य अजिंक्यपद स्पर्धा खेळली, विद्यापीठाच्या संघातही होती, पण महाराष्ट्राच्या संघात निवड झाली नाही. यंदा बी.ए. झाली. जवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेने तिला एका शैक्षणिक वर्षासाठी शिकाऊ क्रीडा सहायक म्हणून बोलावले आहे. मानधन महिना 8,000 रुपये, वेळ सकाळी साडेसात ते दुपारी चार, आणि शिकवायला शाळेचे जुने क्रीडाशिक्षक. ‘काम आवडले तर पुढे बघू,’ असे शाळा म्हणते. घरचे म्हणतात, पोलीस भरतीची तयारी कर, नाहीतर आम्ही स्थळे बघायला लागतो. ती लिहिते: ‘खेळून तर काही झाले नाही, निदान कोच तरी व्हावे असे वाटते. पण आठ हजारांत राबवून घेतील आणि वर्षभराने नारळ देतील अशी भीती आहे. ही नोकरी धरू, बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करू, की पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत जाऊ? आणि एक बाई म्हणून मोठे मुलगे माझे ऐकतील का?’

प्रिय खेळाडू,

तुझ्या पत्रात शाळा, मानधन, घरचे असे बरेच प्रश्न आहेत. पण मला पहिल्यांदा बोलायचे आहे ते ‘खेळून काही झाले नाही, निदान कोच तरी’ या तुझ्या समजुतीबद्दल. खेळात जे उरले त्यांनी प्रशिक्षक व्हायचे, असे आपल्याकडे बरेच जण धरून चालतात आणि शाळाही त्याच भावाने माणसे नेमतात. तूसुद्धा असे मानून मैदानावर उतरलीस, तर पहिल्याच महिन्यात तुला कंटाळा येईल आणि मुलांना तो लगेच कळेल.

क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांच्या नावावर खेळाडू म्हणून प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे. त्यांनी आयुष्य घातले ते शिवाजी पार्कवर शाळकरी पोरांना घडवण्यात. 1988 मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत तेंडुलकर आणि कांबळी यांनी 664 धावांची भागीदारी केली, तेव्हा ते दोघे शारदाश्रम शाळेतले, सरांचे विद्यार्थी होते. 1990 मध्ये सरांना प्रशिक्षकांचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो त्यांच्या स्वतःच्या धावांसाठी नव्हे. उलट बाजूही आपण सगळ्यांनी पाहिली आहे. फार मोठे खेळाडू शिकवायला उभे राहतात आणि ‘असं कर, हे बघ असं’ याच्या पुढे त्यांना सांगता येत नाही. अंगात मुरलेली गोष्ट सोडवून सांगणे ही वेगळी विद्या आहे, आणि ती शिकावी लागते.

तुझ्याच खेळातले उदाहरण घे. तू खो देतेस तेव्हा हात पाठीला लागतो आणि तोंडून शब्द निघतो, तुला ते दोन वेगळे जाणवतही नाहीत. सहावीतली मुलगी मात्र आधी ओरडते आणि मग हात लावते. किंवा बसलेली मुलगी स्पर्शाची वाटच बघत नाही, मागून पावले ऐकू आली की उठते आणि पंचांची शिट्टी वाजते. आता हे सुधारायचे कसे? ‘नीट दे गं’ असे दहा वेळा ओरडून सुधारत नाही. बसलेल्या मुलीला डोळे मिटायला सांगायचे. मागून येणारीने चालत यायचे, पाठीला पंजा टेकवायचा, खो म्हणायचे, आणि स्पर्श झाल्यावरच बसलेलीने उठायचे. मध्येच कधी तरी मागून नुसते जायचे, हात न लावता. तिने बसून राहिले पाहिजे. हे जमले की डोळे उघडे ठेवून, मग हलक्या पळतीने, मग पूर्ण वेगात. चार-पाच दिवस जातात, पण एकदा बसले की बसते. सूर शिकवायचा असेल तर याहून धीर लागतो. आधी जमीन खणून भुसभुशीत करायची, गुडघ्यावर बसूनच पुढे झेपावायला लावायचे, हनुवटी वर आहे ना, छाती आणि तळवे आधी टेकतात ना, हे एकेकीचे बघायचे. धावत येऊन सूर मारणे त्यानंतर खूप दिवसांनी. तू स्वतः सुरेख सूर मारत असशील. पण कोणत्या पायाने रेटा देतेस हे तुला आत्ता, बसल्या जागी, सांगता येते का? येत नसेल तर तुला काय शिकायचे आहे ते तुला कळले.

म्हणून या वर्षाचा विचार करताना तुझा पहिला प्रश्न ‘देतात किती’ हा नसावा. पहिला प्रश्न असा की मला शिकवणार कोण, आणि ते खरेच शिकवणार आहेत का? ते सर चांगले असतील तर आठ हजारांतही हे वर्ष तुझ्या आयुष्याला पुरेल. ते नुसते सही करून टपरीवर जाऊन बसणारे असतील, तर पंधरा हजार मिळाले तरी तू वर्षअखेर आहेस तिथेच असशील, वरून दमलेली.

हे कळायचे कसे? शाळेला सांग की होकार द्यायच्या आधी मला एक अख्खा दिवस मैदानावर बसून तास पाहायचे आहेत. जी शाळा याला नाही म्हणेल, तिला तूही नाही म्हण. त्या दिवशी सर काय सांगतात यापेक्षा मुले काय करतात ते पाहा.

समज, वर्गात 48 मुले आहेत आणि पस्तीस मिनिटांचा तास आहे. वर्गातून मैदानावर यायला, रांगा लावायला, परत जायला पंधरा मिनिटे गेली, उरली वीस. सरांनी दोन रांगा केल्या आणि एकेकाला धावायला सोडले. एका मुलाला साधारण आठ सेकंद लागतात. रांगेत 24 जण, म्हणजे पुन्हा नंबर यायला तीन मिनिटांहून जास्त वेळ. वीस मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला सहा फेऱ्या येतात. सहा गुणिले आठ, अठ्ठेचाळीस सेकंद! बाकीचा सगळा वेळ मूल उन्हात उभे राहून शेजारच्याला चिमटे काढते, आणि मग आपण म्हणतो की मुले बेशिस्त आहेत. तेच सहा-सहा जणांचे आठ गट केले, प्रत्येक गटाला छोटी जागा आखून दिली, तर तेवढ्याच वेळात प्रत्येक मूल दहा-बारा मिनिटे पळते, वाकते, हुलकावणी देते. फक्की मारून आठ चौकोन आखायला सकाळी पंधरा मिनिटे लवकर यावे लागते एवढेच. तू पाहायला जाशील त्या दिवशी मनातल्या मनात असा हिशेब कर. उत्तर मिळेल.

आणखी एक बघ. आठवी-नववीच्या मुली मैदानावर आहेत का? की त्या ‘आज बरं नाही’ म्हणून कट्ट्यावर बसल्या आहेत आणि सरांनी ते रोजचेच धरले आहे? एखाद्या चांगल्या क्रीडाशिक्षकाची ओळख मला कपाटातल्या करंडकांपेक्षा या मुलींवरून जास्त पटते.

मग सरांशी बोल. सरळ, आदराने विचार: ‘सर, मला स्वतंत्र तास कधीपासून घ्यायला द्याल? माझा तास तुम्ही पाहाल का? नंतर दहा मिनिटे चुका सांगाल का?’ उमेदवारीत, म्हणजे शिकाऊ काळात, शिकणे होते ते याच दहा मिनिटांत. पहिले काही आठवडे नुसते पाहणे, मग तासाचा एखादा भाग घेणे, दिवाळीपर्यंत एक इयत्ता पूर्ण आपल्या हातात, आणि दुसऱ्या सत्रात एक संघ आपल्या जबाबदारीवर, असा काहीसा क्रम ठरला पाहिजे. सर म्हणाले की ‘बघू, आधी तू बसची ड्युटी सांभाळ’, तर सावध हो.

मैदानाबाहेरचे कामही मागून घे, कारण नवखे प्रशिक्षक तिथेच अडतात. शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होऊन जिल्हा, विभाग, राज्य अशा वर जातात, 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत. प्रवेशिका वेळेत भरणे, जन्मतारखेचा पुरावा, बोनाफाईड, दहावी-बारावीच्या खेळाडूंचे ग्रेस गुणांचे प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मुदतीत पोचवणे. एका कागदापायी वर्षभर राबलेल्या मुलीचे गुण जातात, तेव्हा तिच्या आईला तोंड दाखवणे कठीण होते. ही कामे जुन्या सरांच्या बोटांवर असतात. ती त्यांच्याकडून शिकून घे.

आता पैशांचे. आठ हजार हे कमीच आहेत, त्यात गोड बोलण्यासारखे काही नाही. तुलनेला सांगते, राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधर प्रशिक्षणार्थीला महिना 10,000 रुपये विद्यावेतन ठरले होते, बारावी झालेल्याला 6,000. 2024 मध्ये ती सुरू झाली तेव्हा मुदत सहा महिन्यांची होती, पुढे ती अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. त्यातून जिल्हा परिषदेच्या शाळांतही पुष्कळ तरुण गेले, आणि मुदत संपल्यावर ‘पुढे काय’ म्हणून उभे राहिले. तेव्हा सरकारी असो की खासगी, शिकाऊ म्हणून काढलेले वर्ष कायम नोकरीचा हक्क देत नाही हे आधीच मनाशी पक्के कर. ‘पुढे बघू’ हे आश्वासन नाही. शाळेने ते फसवायला म्हटले असेल असेही नाही. पुढच्या वर्षी किती प्रवेश होतील हे त्यांनाही माहीत नसते.

पण साडेसात ते चार म्हणजे पूर्ण वेळ झाला. एवढ्या मानधनात पूर्ण वेळ मागणाऱ्या शाळेने त्याबदल्यात शिकवलेच पाहिजे. म्हणून दोनपैकी एक माग: तास कमी करून दुपारी एकला सुटका, किंवा मानधनात वाढ. मला विचारशील तर वेळ माग. तो वेळ तुला अभ्यासाला लागणार आहे. आणि जे ठरेल ते शाळेच्या लेटरहेडवर लिहून घे: किती महिने, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मानधन मिळणार का, कामाची वेळ, मैदानाशिवाय कोणती कामे, संघ घेऊन बाहेरगावी गेल्यावर प्रवास आणि जेवणाचा खर्च कोणाचा, दुखापत झाली तर काय, आणि शेवटी मिळणाऱ्या अनुभव प्रमाणपत्रात काय लिहिणार. ‘सहायक म्हणून काम केले’ एवढ्यावर भागत नाही. कोणत्या इयत्तांचे तास घेतले आणि कोणत्या गटाच्या संघाला शिकवले ते त्यात हवे. मूळ गुणपत्रिका आणि खेळाची मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही जमा करू नकोस, झेरॉक्स दे. ‘प्रशिक्षण फी’ किंवा ‘डिपॉझिट’ मागितले तर तिथून सरळ घरी ये.

बी.पी.एड. की पतियाळा, या प्रश्नात तू दोन वेगळ्या वाटा एकमेकींसमोर उभ्या केल्या आहेस. शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका व्हायचे असेल तर बी.पी.एड. लागतेच. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेश राज्याच्या सीईटीतून, त्यात लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही असते, तिथे तू मागे पडणार नाहीस. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ 1924 पासूनचे. दोन्ही संस्थांची शारीरिक शिक्षणाची महाविद्यालये आहेत आणि तुझ्या विद्यापीठाच्या हद्दीतही एखादे असेल. अनुदानित शाळेतली भरती पुढे शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ या सरकारी भरती पोर्टलमधून होते, आणि या विषयाच्या जागा कमी निघतात हे खरे आहे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असलेल्या शाळेला आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असे लिहिले आहे. प्रत्यक्षात किती शाळांत तो दिसतो हे तू तुझ्या तालुक्यात स्वतः बघू शकतेस. मला याची चीड येते. मुलांना खेळाचा तास मिळणे हा शाळेचा उपकार नाही.

पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, एनआयएस, 1961 पासून प्रशिक्षक घडवते. तिथली एक वर्षाची पदविका एका खेळात खोल नेते. कोणत्या केंद्रात यंदा कोणते खेळ आहेत ते जाहिरातीत पाहून घ्यावे लागते. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. ज्यांना पुढे अकादमीत, क्रीडा प्रबोधिनीत किंवा क्रीडा खात्याकडे मार्गदर्शक म्हणून जायचे आहे त्यांना एनआयएस उपयोगी पडते. पण माझे स्पष्ट मत असे की एक-दोन वर्षे मुलांना शिकवून मग जावे. प्रश्न घेऊन गेलेल्या माणसाला तिथले वर्ष जेवढे देते तेवढे कोऱ्या पाटीने गेलेल्याला देत नाही.

म्हणून तुझ्या बाबतीत मला असा क्रम दिसतो: सर चांगले निघाले तर हे वर्ष शाळेत, त्याच वर्षात बी.पी.एड.ची सीईटी, आणि जमलेच तर राज्य खो-खो संघटनेची पंच परीक्षा. पंचगिरीने थोडे मानधन मिळते, त्याहून महत्त्वाचे म्हणजे नियम तोंडपाठ होतात आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्रशिक्षकांशी ओळखी होतात. पुढच्या वर्षी बी.पी.एड., आणि एनआयएस त्यानंतर. पण पदवीला तुझे गुण किती आणि प्रवेशाला किती लागतात हे आजच तपासून घे, कारण वर्षभराने तिथे अडकलीस तर सगळाच बेत मोडेल. आणि सर चांगले निघाले नाहीत तर या शाळेच्या नादी न लागता यंदाच्या प्रवेशाची एखादी फेरी उरली आहे का ते आधी पाहा. गावातल्या मैदानावर संध्याकाळी वीस मुली जमवून शिकवणे हीसुद्धा उमेदवारीच आहे, फक्त तिथे तुझ्या चुका दाखवायला कोणी नसेल. आपल्या जुन्या प्रशिक्षकांना आठवड्यातून एकदा बोलावून घे.

घरच्यांचे म्हणणे मी मोडीत काढणार नाही. मुलीला पगार सुरू व्हावा असे त्यांना वाटते, त्यांनी ओढाताण पाहिलेली आहे. पण भरती आणि मैदान हे एकमेकांचे वैरी नाहीत. पोलीस शिपायाच्या भरतीत मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक असते, धावणे तुझ्या रक्तात आहे, गोळ्यावर मेहनत लागेल, आणि खरी कसोटी लेखीची. वयाची अट खुल्या गटाला 28, मागास प्रवर्गाला 33. म्हणजे एका वर्षाने ते दार बंद होत नाही, हा हिशेब घरी कागदावर मांडून दाखव. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. तुझ्या प्रमाणपत्रांपैकी कोणते त्यात बसते हे क्रीडा कार्यालयात जाऊन विचार आणि बसत असेल तर पडताळणी आताच करून ठेव, जाहिरात निघाल्यावर तिथे गर्दी उसळते. फक्त स्वतःशी खरे बोल: तुला वर्दी हवी आहे का? हवी असेल तर पूर्ण ताकदीने तिकडे जा, त्यात काही कमीपणा नाही. नको असेल तर घरच्यांच्या समाधानासाठी अर्धवट तयारी करून वर्षे घालवू नकोस. आणि स्थळांच्या बाबतीत ‘पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबा’ अशी नेमकी मुदत माग. नुसते ‘थांबा’ म्हटले तर आईवडिलांना ते टाळणे वाटते.

मुलगे ऐकतील का? ऐकतील, पण पहिल्या दिवशी नाही. नववीचे पोरगे तुला जोखणार, तू पळून दाखवू शकतेस का ते बघणार. तेव्हा एकदा त्यांच्यात उतरून बचाव कर. तीन मिनिटे कोणाच्या हाती लागली नाहीस की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम नावांचे. पहिल्या पंधरवड्यात जेवढी नावे पाठ होतील तेवढी कर, ‘ए निळी चप्पल’ अशी हाक कोणाला मारू नकोस. शिट्टी कमी वाजव. आणि शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला कधी लावू नकोस. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला बंदी आहे हे तर झालेच, पण धावणे हीच शिक्षा ठरली तर त्या मुलाला आयुष्यात पुन्हा कधी आनंदाने पळावेसे वाटेल का?

बाई असणे ही तुला अडचण वाटते. मी उलट सांगते, तुझ्या तालुक्याला बाई प्रशिक्षकच हवी आहे. मुलीची निवड जिल्ह्याच्या स्पर्धेला झाली, दोन रात्री बाहेर राहायचे आहे, की पालकांचा पहिला प्रश्न येतो, ‘सोबत बाई कोण आहेत?’ कोणी नाही म्हटल्यावर ती मुलगी घरी राहते. तिचा खेळ थांबतो तो तिथे. पाळीच्या दिवसांत काय करायचे, मैदानाजवळ स्वच्छ संडास आहे का, कपडे कुठे बदलायचे, हे ती पुरुष शिक्षकाला विचारत नाही. दुखते म्हणून बसून राहते आणि हळूहळू यायची बंद होते. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या मुलींनी तो जिंकला. कर्णधार प्रियंका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. तो विश्वचषक पाहून खो-खोच्या चौकोनात बसायला आलेल्या सहावीतल्या मुलीला नववीपर्यंत मैदानावर टिकवणारी कोणीतरी गावातच लागते.

यातच जबाबदारीचा भाग येतो आणि तो मी हलका करून सांगणार नाही. तू आता लहान मुलांची पालक असणार आहेस. साहित्याच्या खोलीत कोणत्याही मुलासोबत एकटी दार लावून थांबू नकोस. पवित्रा दुरुस्त करताना हात लावायचा असेल तर आधी सांग, सगळ्यांदेखत लाव. मुलांना खासगी मेसेज नकोत, निरोप पालकांच्या गटावर. कोणा मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळले तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, ‘शाळेचे नाव जाईल’ हे कारण चालत नाही. 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक लक्षात ठेव. प्रथमोपचाराचे शिबिर या वर्षी नक्की कर. डोक्याला मार लागलेले मूल ‘बरं वाटतंय’ म्हणाले तरी त्या दिवशी पुन्हा खेळवायचे नाही, डॉक्टरांना दाखवायचे. बारा-चौदा वर्षांची मुले झपाट्याने वाढतात, तेव्हा गुडघ्याच्या वाटीखाली दुखते म्हणणाऱ्याला नाटकी ठरवू नकोस, उड्या आणि सूर थांबवून त्याला दाखवून घे. मार्च-एप्रिलमध्ये मराठवाड्यातल्या दुपारी मैदान रिकामेच ठेवायचे.

तुझ्यासारख्या इतरांनाही दोन शब्द, कारण अशीच पत्रे कबड्डीपटूंची येतात, फुटबॉल खेळणाऱ्या मुलांची येतात. पुण्या-मुंबईकडे शाळा थेट माणूस न घेता एखाद्या कंपनीमार्फत शिकाऊ प्रशिक्षक घेतात. तिथे तुमचा करार कोणाशी आहे, शाळेशी की कंपनीशी, आणि मैदानावर शिकवणारा ज्येष्ठ माणूस खरेच हजर असतो का, हे बघा. आठवड्याला चार शाळा फिरवत असतील तर कोणत्याच मुलाची प्रगती तुम्हाला दिसणार नाही, आणि प्रगती दिसल्याशिवाय हे काम शिकता येत नाही. फुटबॉलवाल्यांनी भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकाचा डी परवाना, क्रिकेटवाल्यांनी क्रिकेट मंडळाचे सुरुवातीचे प्रशिक्षक अभ्यासक्रम पाहावेत. तरीही फक्त आपल्याच खेळाला चिकटून राहू नका. पहिली ते पाचवीच्या मुलाला खो-खो किंवा फुटबॉलच्या आधी पळणे, थांबणे, उडी मारणे, झेलणे, फेकणे आले पाहिजे, आणि शाळेत तुमचे निम्मे तास त्यांचेच असतात.

तू एक वही घाल, शाळा धरलीस तर पहिल्या दिवसापासून. डाव्या पानावर आज काय घेणार होते, उजव्या पानावर काय झाले. कोण रडले, कोणाला खो पहिल्यांदा जमला, कुठला खेळ फसला आणि का. शनिवारी ती सरांपुढे ठेव. पुढे बी.पी.एड.च्या पाठांना आणि मुलाखतीत हीच वही बोलेल.

आता या आठवड्यात: शाळेला फोन करून मैदानावर बसायचा दिवस ठरव. पळता येईल असे बूट घालून जा, सर म्हणाले तर पळावे लागेल. त्याच दिवशी परतताना तालुका क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात डोकाव आणि गेल्या दोन वर्षांत या शाळेचे मुलींचे संघ कोणत्या गटात उतरले होते ते विचार. आणि काय दिसले ते मला लिही.